उंदीर मेला की दोन पत्ते

स्वयंपाकघरातलं टेबल आता डुगडुगत नाही.

*

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतला माणूस आधी सगळी बटणं दाबतो. मग दारावर थापा मारतो. मग ज्याने लिफ्ट बनवली त्याच्या आईची आठवण काढतो. मग गप्प होतो. दुरुस्तीवाला वर मशीनच्या खोलीत असतो. त्याला थापांचं काही वाटत नाही, पण त्या गप्प होण्याची भीती वाटते.

*

"टोपी घातल्याशिवाय तलावात सोडणार नाही."

"अहो बाई, डोक्यावर एक केस नाही माझ्या!"

"टोपी."

*

गटारी उंदीर. किंमत: एक ठिणगी. ताकद: एक. मेला की त्याच्या मालकाने दोन पत्ते उचलावेत.

चित्रात उंदीर मागे वळून बघतोय. मागे काय आहे ते चित्रात नाही.

*

पंखा बंद ठेवायचा. चालू केला की पत्ते उडतात.

*

दारावरच्या पाटीवर सासऱ्याचं नाव आहे. सासरा जाऊन बरीच वर्षं झाली. पाटी दर महिन्याला पुसली जाते.

*

रविवारी दुपारी हे सगळं एका टेबलापाशी येऊन बसलं.

टेबल पत्त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतलं. या खोलीला खिडकी आहे, पण तिच्यापुढे खोक्यांची चळत लावलेली, त्यामुळे खिडकी असून नसल्यासारखी. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर काळं रबरी कापड, भिंतीला टेकून दहाबारा माणसं, घामाचा वास. टेबलाच्या एका बाजूला जावई. लिफ्ट दुरुस्त करतो. दुकानात त्याला उस्ताद म्हणतात. समोर त्याच्या सासूबाई. पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीत बसून त्यांनी जन्म काढला, आता निवृत्त. दुकानात त्यांना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नव्हतं.

"आजी, पाणी हवंय?" चष्मेवाल्या पोराने विचारलं. तो इथला रोजचा खेळाडू.

"आजी असेल तुझ्या घरी."

"बरं, मावशी."

"खेळू दे मला."

खेळ असा, की प्रत्येकाकडे स्वतः जमवलेली पत्त्यांची गड्डी. आपल्या पाळीला वरचा एक पत्ता उचलायचा, हातातले पत्ते ठिणग्या मोजून खाली उतरवायचे. काही पत्ते म्हणजे प्राणी. प्राण्याने मारायचं किंवा समोरच्याचा मार अडवायचा. ज्या प्राण्याने मारलं तो आडवा होतो, आणि आडवा प्राणी पुढच्या पाळीपर्यंत कुणाला अडवू शकत नाही. समोरच्याचे वीस जीव संपवले की डाव आपला. बाकी सगळं पत्त्यांवर लिहिलेलं असतं, आणि त्यावरूनच भांडणं होतात.

आज अंतिम डाव होता. जिंकणाऱ्याला दुकानाच्या वतीने मोठ्या स्पर्धेची एकुलती एक जागा. जावई दरवर्षी ती जागा घेत आला होता.

*

जागा म्हणजे काय, तर गळ्यात अडकवायची एक पट्टी.

मोठ्या स्पर्धेच्या दारात एक मुलगी यादीत बघते, हसते, आणि पट्टी हातात देते. पट्टीवर छापलेलं असतं: खेळाडू. त्याखाली त्याचं नाव, आडनावासकट, शुद्धलेखनाची चूक न करता. लिफ्टच्या गणवेशावर कंपनीचं नाव आहे. घराच्या दारावर सासऱ्याचं. लाइटबिल सासूबाईंच्या नावाने येतं, गॅस बायकोच्या. घरजावई हा शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. काढावा लागत नाही. कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा त्याचा आहे, आणि तो उघडायला गुडघ्यांवर बसावं लागतं.

सगळ्या जुन्या पट्ट्या त्याने त्या कप्प्यात ठेवल्यात. कधीकधी कपडे काढायच्या निमित्ताने तो तिथे जरा जास्तच वेळ बसतो.

*

"भट्टी," सासूबाई म्हणाल्या आणि पत्ता उतरवला.

भट्टी. किंमत: दोन ठिणग्या. आपला कुठलाही प्राणी केव्हाही हिच्यात टाकता येतो.

"उंदीर."

उंदीर उतरला.

"टाकला. दोन."

उंदीर टेबलाला टेकतो न टेकतो तोच भट्टीत गेला. दोन पत्ते हातात आले. मागे कोणीतरी खुदकन हसलं. सासूबाईंचा हात तिकीट फाडल्यासारखा चालत होता: घे, फाड, दे, पुढचा.

"दुसरा उंदीर. टाकला. दोन."

"सावकाश, आई," जावई म्हणाला. "जिवंत असताना त्याचं तोंड तरी बघू द्या."

"तुम्हीच शिकवलंत ना? जीव लावायचा नाही म्हणून."

शिकवलं होतं खरं. शब्द न् शब्द.

*

शिकवलं ते असं.

दोन वर्षांपूर्वी त्याला सरावाला कोणी मिळेना. बायको इस्पितळात पाळ्या करते. घरी आली की म्हणते, "माझ्यासमोर पत्ते काढलेस ना, तर गिळायला लावीन." राहिल्या सासूबाई. जेवणं झाल्यावर टेबल पुसून त्या नुसत्या बसायच्या.

"आई, या. शिकवतो. सोपं आहे."

"मला काय करायचंय शिकून?"

"वेळ जाईल."

"माझा वेळ जातोच आहे."

पण बसल्या. त्याने त्यांना आपल्याकडचा कचरा दिला. उरलेले, दुहेरी झालेले, कोपरे दुमडलेले पत्ते. बुटांच्या खोक्यात भरून. त्यात चार उंदीर होते, एक भट्टी होती, आणि चार विजा. वीज म्हणजे थेट तीन जीव घेणारा पत्ता. बरा असतो, पण त्याच्याकडे त्याहून चांगले होते. चार विजा त्याने मोजून दिल्या. "या ठेवा," म्हणाला, "म्हणजे मला अगदीच लहान पोराशी खेळल्यासारखं वाटणार नाही."

मग रोज संध्याकाळी तो त्यांना हरवायचा. मोठ्या स्पर्धेत जे खेळायचं ते आधी त्यांच्यावर करून बघायचा. त्या हरायच्या, पत्ते गोळा करायच्या, खोक्याला रबर लावायच्या.

"टेबल डुगडुगतंय," असं मध्येच म्हणायच्या. "लिफ्टा दुरुस्त करता आख्ख्या गावाच्या. एका टेबलाचा पाय होत नाही."

"करतो, आई."

"हे तुम्ही साखरपुड्यातही म्हणाला होतात. करतो, आई."

*

तिसरा उंदीर. चौथा उंदीर. हे दोन त्यांनी भट्टीत टाकले नाहीत, नुसते ठेवून दिले. हातात पत्ते एवढे झाले होते, की त्यांना ते दोन्ही हातांनी धरावे लागत होते.

वीज. त्याचे तीन जीव गेले.

पुढच्या पाळीला वीज. आणखी तीन.

जावयाने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. त्याचे प्राणी मारत होते, तिचे जीव कमी होत होते, हिशेब बरोबर चालला होता. मध्ये दोन पाळ्या सोडून तिसरी वीज पडली. तिच्या प्राण्यांनी आधीच आठ खाल्ले होते, त्यामुळे त्याचे जीव उरले तीन. तिचे चार.

तीन गेल्या, त्याने मनात म्हटलं. एक बाकी. ती एक पडली की मी संपलो.

टेबलाच्या कडेला ठेवलेला त्याचा फोन उजळला. बायकोचा निरोप. दुकानदाराने मान लांब करून वाचला. तो या डावाचा पंचही होता, आणि पंचाने फोन बघितला पाहिजे असा नियम त्याने स्वतःच केला होता.

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारलं.

"कोण जिंकतंय ते मला सांगू नका," दुकानदाराने वाचून दाखवलं. "येताना दूध आणा. दोघांपैकी जो बोलण्याच्या अवस्थेत असेल त्याने."

खोली हसली. ते दोघं हसले नाहीत.

*

पूर. किंमत: सहा ठिणग्या. टेबलावरच्या सगळ्या वस्तू आणि दोघांच्या हातातले सगळे पत्ते वाहून जातात. प्राणी राहतात.

*

जावयाने पूर उतरवला तेव्हा त्याला सहा महिन्यांत झाला नव्हता एवढा आनंद झाला. त्याने तो पत्ता टेबलावर ठेवला नाही, आपटला.

"भट्टी गेली, आई."

"दिसतंय."

"आणि हातातलेही सगळे. ठेवा. ढिगात ठेवा. सगळे."

सासूबाईंनी तो जाडजूड गठ्ठा बाद पत्त्यांच्या ढिगात ठेवला. त्यातले पत्ते उलटे असले तरी तो नियमाप्रमाणे बघू शकत होता, आणि त्याने बघितले, एकेक करून, पंचासमोर. वीज नव्हती. म्हणजे चौथी अजून गड्डीत. पण आता गड्डीतून पाळीला एकच पत्ता येणार. आता दोन-दोन नाहीत.

"आता मारा ना उंदीर," तो म्हणाला. भिंतीला टेकलेल्यांनाही ऐकू जाईल असा. "कशात टाकता बघू. चुलीत घालता का घरी नेऊन?"

"अरे उस्ताद, जाऊ दे," चष्मेवाला पुटपुटला.

"का जाऊ दे? उंदीर म्हणे. एका ठिणगीचा जीव. भट्टी नसेल तर तो नुसता बसून राहतो. घाण करतो."

मग पुढच्या पाळीला उचललेला लोखंडी हत्ती त्याने उतरवला. ताकद नऊ. बाकीचे प्राणी दोघांचेही मारामारीत मेले होते, तिच्याकडे उरले ते दोन उंदीर. तिचे जीव चार.

दुकानदाराचं टायमर अंड्याच्या आकाराचं होतं. कटकट कटकट करत ते टेबलावर हळूहळू फिरत होतं.

*

उंदीर हा शब्द सासूबाईंना कुठे मिळाला.

एका सकाळी त्या इथे, याच दुकानात, पत्त्यांना घालायची प्लास्टिकची कव्हरं घ्यायला आल्या होत्या. दुमडलेले कोपरे बघवेनात म्हणून. गल्ल्यापाशी हा चष्मेवाला उभा होता. त्याने ओळखलं. अगदी चांगल्या मनाने, तोंडभर हसून म्हणाला, "अरे वा! म्हणजे तुम्हीच का उस्तादांचा उंदीर?"

"कोण?"

"नाही म्हणजे, ते सांगतात ना नेहमी. घरी सरावाला एक उंदीर पाळलाय. रोज मारतो, रोज दोन गोष्टी शिकतो." आणि मग त्याला समोरचा चेहरा दिसला, आणि तो कव्हरांचे रंग दाखवायला लागला.

सासूबाईंनी काळी कव्हरं घेतली. घरी गेल्या. त्या संध्याकाळी नेहमीसारख्या हरल्या. खोक्याला रबर लावलं.

दुसऱ्या दिवशी येऊन स्पर्धेत नाव घातलं.

*

आता परत टेबल.

जावयाची पाळी. त्याने हत्तीवर हात ठेवला. आडवा केला की मार सुरू.

सासूबाईंनी एका उंदरावर बोट ठेवलं.

"काय?" तो म्हणाला. "अजून मारलं नाही मी."

"माराल तेव्हा हा अडवणार."

"अडवू दे की. मरेल."

"मरेलच." त्यांनी बोट हलवलं नाही. "वाचा बरं उंदरावर काय लिहिलंय ते. मोठ्याने वाचा, तुमचा आवाज आज छान लागलाय."

त्याने वाचलं नाही. त्याला ते पाठ होतं. मेला की. कुठे मेला, कुणी मारला, काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षं त्याने उंदीर फक्त भट्टीत मरताना बघितला होता, तिच्या हाताने. आपल्या हाताने मेला तर काय होतं याचा त्याने विचार केला नव्हता, कारण उंदीर अडवू शकतो हे त्याने तिला शिकवलंच नव्हतं. कचऱ्यातला पत्ता कशाला समजावत बसायचा?

"मी दोन उचलीन," सासूबाई म्हणाल्या. "भट्टी फोडलीत ना, जावईबापू? छान केलंत. आता भट्टी तुम्ही."

खोलीत कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्याने हत्तीवरचा हात काढला.

"पास," तो म्हणाला.

*

थापा.

सरळ आहे, तो मनात म्हणाला. हत्तीने मारायचं. एक उंदीर मरतो, ती दोन उचलते. पुन्हा मारायचं. दुसरा उंदीर मरतो, ती आणखी दोन उचलते. तिसऱ्यांदा मारलं की अडवायला कोणी नाही. ती संपली. फक्त मधल्या पत्त्यांत ती वीज यायला नको. एक वीज. एवढ्या जाड गड्डीत एक.

पण येईल. आजचा दिवसच तसा आहे. ती येईल आणि ही बाई ती अगदी हळू खाली ठेवेल, तिकीट दिल्यासारखी, आणि म्हणेल, पुढचा.

माझ्या हाताने तिला पत्ते द्यायचे? मी?

वावटळ येऊ दे. वावटळ समोरच्याच्या प्राण्यांना मारत नाही, सगळ्यांना नुसतं परत मालकाच्या हातात पाठवते. उंदीर मेलाच नाही तर पत्ते कुठले? माझ्या गड्डीत दोन वावटळी आहेत. एक आली की झालं. थांबायचं. जिंकणाऱ्याने घाई करायची नसते.

*

"पास."

सासूबाईंनी आपला पत्ता उचलला. शिडी. काही कामाची नाही. हातात ठेवली. "पास."

त्याने उचलला. पाणबुडा. एवढ्या ठिणग्या नव्हत्या. "पास."

"हत्ती झोपलाय का?" मागून कुणीतरी.

"गप रे," जावई मागे न बघता म्हणाला.

"उठवू नका," सासूबाई म्हणाल्या. "घरी पण असंच असतं. जेवण झालं की आडवा."

या वेळी हसले.

"घरचं घरी ठेवा, आई."

"घरचं? घरी काय बोलता तुम्ही माझ्याशी? 'मीठ द्या' आणि 'तुमची पाळी'. दोन वर्षांत तिसरं वाक्य आठवतंय तुम्हाला?"

"मी शिकवलं तुम्हाला."

"हो."

"खोकं भरून पत्ते दिले."

"कचरा दिलात. कचरा टाकायला कोपरा हवा होता तुम्हाला, मी कोपऱ्यातच बसलेली होते." त्यांनी पत्ता उचलला. कंदील. "पास."

"तुम्हाला ती जागा कशाला हवी आहे?" त्याचा आवाज खाली आला होता. फक्त तिलाच ऐकू जावा असा त्याने प्रयत्न केला, पण खोली लहान होती. "तुम्हाला या खेळात काही नाही. तुम्ही मला दाखवायला करताय हे. जिंकून पट्टी कुठे ठेवणार? तांदळाच्या डब्यात?"

"वरच्या कप्प्यात," सासूबाई म्हणाल्या.

तो एकदम गप्प झाला. म्हणजे त्यांना माहीत होतं. खालच्या कप्प्यापाशी तो बसतो ते. त्या बघत होत्या, आणि इतके दिवस एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आत्ताच्यासाठी ठेवलं होतं.

"तुमची पाळी, जावईबापू."

त्याने उचलला. वावटळ नाही.

हत्तीकडे बघितलं. हत्तीचं चित्र त्याला फार आवडायचं; पाय उचललेला, सोंडेतून वाफ. पाय तसाच उचललेला होता. त्याच्यापुढे दोन उंदीर, दोघंही मागे वळून बघत होते, त्यांना हत्तीत काही रस नव्हता.

"पास," तो म्हणाला.

*

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागते, ओरडून, शक्यतो पहिल्या मिनिटाला: दार ढकलू नका, पण एका जागी गोठूनही बसू नका, मी सांगतो ते बटण दाबा. अर्धे लोक ऐकत नाहीत. ते म्हणतात, दाबलं आणि खाली कोसळलो तर? लिफ्ट कोसळत नाही. त्याने ती वाक्यं हजारदा म्हटली होती. लिफ्ट कोसळत नाही, साहेब. दाबा.

*

"शेवटची फेरी," दुकानदार म्हणाला. "दोघांना एकेक पाळी. मग जीव मोजायचे. ज्याचे जास्त, डाव त्याचा."

जावयाने टायमरकडे बघितलं. त्याला वाटलं कुणीतरी ते पुढे फिरवलंय. कुणी फिरवलं नव्हतं.

तिचे चार. त्याचे तीन. आणि आता मारून काही होणार नव्हतं. हत्तीने मारलं की उंदीर अडवणार, तिचे चारचे चारच राहणार. तीनदा मारायला हवं होतं. तीन पाळ्या होत्या त्याच्याकडे. चार होत्या. त्या सगळ्या त्याने या टेबलापाशी हात मांडीवर ठेवून घालवल्या होत्या, आणि वावटळ आली नव्हती.

त्याने पत्ता उचलला. आताही आली नाही.

"पास?" सासूबाईंनी विचारलं. खिडकीतून विचारतात तसं. पुढे रांग आहे, बोला लवकर.

त्याने हत्ती आडवा केला. आपटून.

"मारलं."

"आता?" चष्मेवाला म्हणाला. "आता कशाला, उस्ताद?"

"मारलं म्हटलं ना!"

सासूबाईंनी उंदीर पुढे सरकवला. उंदीर मेला. त्यांनी तो ढिगात ठेवला, पहिले दोन ठेवले नव्हते तेवढ्या हळू, आणि गड्डीवर हात नेला.

"उचला," तो म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. "उचला ना. वीज असेल. घाला माझ्या डोक्यात. जीव मोजून जिंकायचं नाही, घालून जिंका."

सासूबाईंनी दोन पत्ते उचलले. बघितले. मग दोन्ही उलटे करून रबरी कापडावर ठेवले, त्याला सरळ दिसतील असे.

रिकामी बादली. गवत.

अंडं वाजलं. डाव संपला.

*

पुढे जे झालं ते दुकानाच्या नियमात बसत नाही. हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या गड्डीला हात लावायचा नसतो. जावयाने तिची उरलेली गड्डी ओढली आणि काळ्या कापडावर पसरली. दुकानदार "ए, ए" म्हणाला पण उठला नाही. जावई पत्ते बोटाने बाजूला सारत गेला. कंदील, गवत, शिडी, बादली, घुबड, कंदील. पुन्हा पहिल्यापासून. काळी कव्हरं घामाने बोटांना चिकटत होती.

"चौथी कुठाय?"

"कोण चौथी?"

"वीज! चार दिल्या होत्या मी. मोजून."

"हरवली," सासूबाई म्हणाल्या. "केव्हाच. सगळं घर धुंडाळलं मी. गाद्या उचलल्या, पेल्यांचं कपाट काढलं. शेवटी तिच्या जागी बादली घातली."

"म्हणजे नव्हतीच?"

"नव्हतीच."

"सगळा वेळ?"

"तुम्ही मोजताय हे दिसत होतं मला. तुमचे ओठ हलतात." त्यांनी पत्ते गोळा करायला सुरुवात केली. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

हे खरं की खोटं, त्याला कळलं नाही. त्यांनाही बहुतेक कळलं नसावं.

दुकानदाराने कागदावर सासूबाईंचं नाव लिहिलं आणि आडनावाचं शुद्धलेखन विचारलं. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. जावई ऐकत उभा होता. दारावरच्या पाटीवर आहे तेच आडनाव.

"एकट्या जाणार तुम्ही?" त्याने विचारलं. "तिथे मोठमोठे लोक येतात, आई. पहिल्याच डावात फाडतील तुम्हाला."

"फाडतील तर फाडतील. त्याआधी सराव करावा लागेल." त्यांनी खोक्याला रबर लावलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "रोज संध्याकाळी. जेवणं झाल्यावर. तुम्ही आहातच घरी."

भिंतीला टेकलेल्यांपैकी कुणीतरी श्वास आत ओढला.

"मी नाही बसणार," जावई म्हणाला.

"बसाल."

कुणीतरी पंखा लावला. टेबलावर राहिलेला हत्ती उलटला, सरपटला आणि खाली पडला. तो उचलायला त्याला गुडघ्यांवर बसावं लागलं.

वाटेत दूध त्याने घेतलं. बोलण्याच्या अवस्थेत दोघंही नव्हते.

*

चौथी वीज स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या डाव्या पायाखाली आहे, चार घड्या घातलेली. ज्या संध्याकाळी सासूबाई "एवढं एक तरी करा" म्हणाल्या, त्या संध्याकाळी त्यांच्या खोक्यातला वरचा पत्ता न बघता उचलून त्यानेच तो तिथे दाबून बसवला होता.